मिटवामिटवी

मुख्याध्यापकांनी दोनदा खुर्ची दाखवली तरी सावळेराम उभाच राहिला. चपला त्यानं दाराबाहेर काढल्या होत्या. हातात घरच्या नव्या तांदळाची पिशवी, सरांसाठी आणलेली. मोकळ्या हातानं कुणाच्या दारी जायचं नाही, ही डोंगराकडची रीत. डिंभे धरणाच्या पलीकडून दोन एस्ट्या बदलून तो आला होता आणि वाटभर त्यानं एकच वाक्य घोकलं होतं: ज्यानं माझ्या पोराला डागलं, त्याला शाळेतून काढा. एवढंच बोलायचं. बाकी काही बोलू नका, असं बायकोनं, कुशाबाईनं, निघताना बजावलं होतं.

त्याचा पोरगा बुधा कपाटाला टेकून उभा होता. नववीतलं पोरगं, डाव्या पोटरीला चिंध्यांची पट्टी. शाळेच्या गावातल्या पोरांचा एक ग्रुप होता. जत्रेत शेजारच्या गावाशी मारामारी ठरली की वसतिगृहातल्या डोंगरातल्या पोरांच्या हातात काठ्या द्यायच्या आणि त्यांना पुढं घालायचं, असा त्यांचा खाक्या. डोकी फुटली तर यांची फुटावीत. बुधा नाही म्हणाला. चौघांनी त्याला धरून त्याची पोटरी मोटरसायकलच्या तापल्या सायलेन्सरला लावली. वसतिगृहातल्या सगळ्यांनी पाहिलं, पण सरांना सांगायची छाती एकट्या बुधानं केली. चारही नावं सांगितली. पहिलं नाव विकीचं.

"वरून परिपत्रक आहे, असले प्रकार खपवून घ्यायचे नाहीत," मुख्याध्यापक म्हणाले. "म्हणून तर समितीची बैठक बोलावली. अध्यक्ष येतीलच."

जीप वाजली. अध्यक्ष आत आले आणि सावळेराम दोन पावलं मागं सरकला. अध्यक्ष म्हणजे बाळासाहेब. अकरा वर्षं त्याची सगळी वाडी ज्यांच्या रानात कांद्याला राबत होती, ते.

"अरं, सावळेराम, तू व्हय!" बाळासाहेब मोकळेपणानं हसले. "तुझं पोर हाय ह्ये? मंग आपल्या घरातलीच भानगड निघाली की. विकी माझा पुतन्या."

हे सावळेरामला ठाऊक नव्हतं. बुधाला होतं. तरीही त्यानं नाव घेतलं होतं.

बाळासाहेब खुर्चीत टेकले. "आडदांड हाय ते कार्टं. मी लई झापलाय त्याला. पर शाळंतनं काढलं तर जल्माचं वाटोळं व्हईल. तरीबी निवाडा तुझ्याकडं. तू म्हनशील तसं. आत्ता म्हन, आत्ता नाव कमी करतो." आणि मग सहज आठवल्यासारखं, "कांद्याच्या लागनीला कधी येताय? औंदा चार एकर हाय. बाकी कुनाला सांगितलं न्हाई, तुमच्यासाठी ठिवलंय."

बुधानं मान वर केली आणि बापाकडं टक लावून पाहिलं. तो आता बापाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दाची वाट बघत होता.

"चुकलं, मालक," सावळेराम म्हणाला. "पोरगं न्हानं हाय, त्याला कळत न्हाई. माफी असावी."

माफी कुणी मागितलीच नव्हती. बाळासाहेबसुद्धा क्षणभर चपापले. जन्मभर मोठ्या माणसासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा हेच शब्द तोंडात यायचे, आजही तेच आले. घोकलेलं वाक्य राहूनच गेलं. सावळेरामला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरातच त्यानं सरांसाठी आणलेली तांदळाची पिशवी बाळासाहेबांपुढं धरली.

"आरं, कशाला?" म्हणत बाळासाहेबांनी बुधाकडं हनुवटी केली. "जा रं, जीपमदी ठिव."

बुधानं पिशवी घेतली आणि तो लंगडत बाहेर गेला. बापाकडं त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

मुख्याध्यापकांनी वही उघडली आणि मोठ्यानं म्हणत लिहायला घेतलं, "पालकांच्या विनंतीवरून सदर प्रकरण आपसात मिटवण्यात आले."

सावळेराम खिडकीतून बाहेर बघत होता. चौघंही जीपला टेकून उभे होते. बुधानं पिशवी आत ठेवली. विकी त्याला काहीतरी म्हणाला. बुधा तसाच उभा राहिला. वसतिगृहातलं पाचवीतलं एक पोरगं नळावरून बादली घेऊन चाललं होतं. विकीनं त्याच्याकडं बोट दाखवलं. बुधानं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा विकीकडं. मग तो लंगडत गेला आणि त्यानं पोराच्या कानाखाली वाजवली. आवाज आतपर्यंत आला. बादली सांडली. चौघं खदाखदा हसले आणि विकीनं बुधाच्या खांद्यावर हात टाकला.



बाळासाहेबांनीही वळून पाहिलं होतं. "बघ, घेतला का न्हाई पोरांनी आपल्यात?" ते म्हणाले. "आता तुझ्या पोराला हात लावायची कुनाची टाप न्हाई."

मुख्याध्यापकांनी वही पुढं सरकवली. शाईचं पॅडही सरकवलं. सावळेरामनं पॅड बाजूला केलं, पेन घेतलं आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. अंगठेवाल्याला कुणी विचारत नाही म्हणून, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, बुधानंच त्याला ती शिकवली होती.