पिठाचा ठसका

दिग्दर्शक माधवरावांनी चाळीस वर्षं सलणारा, जात्यावरच्या ओवीतला खोकला सकाळीच आपल्या जुन्या सिनेमातून पुसला आणि त्याच क्षणी जगातल्या साऱ्या प्रती आपोआप बदलल्या. दुपारी ती ओवी गाणाऱ्या बाईच्या मुलीचा, द्वारकाचा फोन आला.

“दादा, जात्यावरची माझी आई कुठं गेली?”

“आहे की गं! उलट ओवी किती गोड झालीय.”

“ओवीत माझं नाव गुंफताना तिला पिठाचा ठसका लागायचा. दर श्राद्धाला तेवढंच ऐकते मी. परत घाला ना!”

माधवरावांनी कपाटातली प्रत लावून पाहिली. तीही त्यांच्याच हुकमानं स्वच्छ झालेली. मग फोनवर त्यांनी स्वतःच ओवी म्हटली आणि द्वारकाच्या नावापाशी मुद्दाम खोकले.

“राहू द्या, दादा,” ती हळूच म्हणाली, “तुमचा घसा दुखेल.”