व्हर्डीचा अनंत

"या वेळी नाही," व्हर्डी म्हणाली. "माझ्या अनंताची एक काडीही तुला मिळायची नाही."

ओडेलने भाजून आणलेली पीचची पाई तिच्या व्हरांड्यात ठेवली आणि रस्ता ओलांडून ती घरी आली. समोरासमोरची घरं, तीस वर्षांची मैत्री. याआधी व्हर्डीने दोनदा स्वतःच फांद्या कापून दिल्या होत्या. ओडेलने त्या जिवापाड जपल्या, पण दोन्ही कुजल्या. आणि अलाबामात जूनमध्ये दाराशी अनंत दरवळत नसेल, तर ते घर कसलं?

"माझ्या हाताला गुण नाही असं वाटतं तिला," ती नवऱ्यापाशी रडली.

क्लीटसला हसू आवरेना. "माझी आजी म्हणायची, दिलेली फांदी रुसते, चोरलेली रुजते. जा, मार डल्ला."

तो थट्टेत बोलला, पण ओडेलच्या मनाने ते घेतलं. रविवारी डोकेदुखीचं निमित्त करून ती चर्चला गेली नाही. व्हर्डीची गाडी वळताच कात्री घेऊन ती तिच्या बागेत शिरली.

फांदी रुजली. स्वयंपाकघरामागच्या भिंतीला धरून झाड असं तरारलं, की ओडेल सकाळची कॉफी त्याच्याजवळच घेऊ लागली. सुख होतं, फक्त व्हर्डीला परसात येऊ देता येत नव्हतं. काही ना काही सबब सांगून ती तिला पुढच्या दारीच बसवी. हळूहळू व्हर्डी यायचीच थांबली. ते ओडेलला फार लागलं.

मग एका हिवाळ्यात कडाक्याचं हिव पडलं आणि व्हर्डीचा अनंत मुळापासून गेला. भिंतीच्या उबेने ओडेलचा वाचला.

जूनमध्ये व्हर्डी न विचारता सरळ परसात आली. पांढऱ्याशुभ्र फुलांपुढे ती नुसती उभी राहिली.

ओडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चोरी कबूल केली, झाडाची सगळ्यात चांगली फांदी कापली आणि पुढे केली. "घे गं. तुझीच आहे."

व्हर्डीने दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले.

"हातात देतेस होय, वेडे? उद्या तुम्ही दोघं घराबाहेर कधी पडणार, तेवढं सांग."