चौथा सड

"मावशी, गाईच्या तीन सडांचं दूध मिळालं. आता चौथ्याचं द्या," नमुन्याची बाटली पुढे करत गुरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेजारच्या शेडमधल्या कोंबड्या बर्ड फ्लूने मेल्या, तेव्हापासून तो आजार गाईंच्या दुधात उतरलाय का हे बघायला त्या गोठ्यागोठ्यांतलं दूध तपासत फिरत होत्या.

पहाटेपासून राबून द्वारकाबाईंची कंबर धरली होती. "तो सड वासराचा, बाई. त्याला हात लावणं म्हणजे लेकराच्या तोंडचा घास काढणं. तिन्हींवरून काय ते समजून घ्या."

"पण आजार असला तर त्याच सडातून वासराच्या पोटात जाईल ना?"

 धडपडणाऱ्या वासराला द्वारकाबाईंनी दूर बांधलं, गाईला नमस्कार केला आणि चौथा सड पिळला.

"अहवाल येईपर्यंत वासरू गाईपाशी सोडू नका. दूध उकळून, कोमट करून पाजा," सांगून डॉक्टरीणबाई निघाल्या.

संध्याकाळी वासरू पातेल्याला तोंड लावेना. द्वारकाबाई दुखरे गुडघे आवरत त्याच्यापाशी बसल्या, दुधात बोटं बुडवून त्याच्या तोंडात दिली. ते चोखू लागलं. घरात देवापुढचा दिवा लागायचा होता. आयुष्यात ती वेळ त्यांनी कधी चुकवली नव्हती.

"पी सावकाश," त्या म्हणाल्या, "देव थांबेल."