एकेक पायरी

कॉम्प्युटरच्या बायोस सेटिंगमधला आकडा पाहून श्रीरंगला हसूच आलं. बाबांनी प्रोसेसरचा वेग चक्क निम्म्यावर आणून ठेवला होता. बाबांचं काम मोठमोठे नकाशे काढायचं आणि कॉम्प्युटर बैलगाडीच्या चालीचा. "नको तिथे हात लावतात," तो पुटपुटला. अर्धांगवायूने कॉटवर पडलेल्या आईकडे लक्ष ठेवायला सांगून बाबा औषधं आणायला गेले होते. ते येण्याआधी सगळं नीट करून ठेवायचं त्याने ठरवलं.

त्याने घाई मात्र केली नाही. वेग एक पायरी वाढवायचा, प्रोसेसरवर पूर्ण भार टाकायचा, तापमान बघायचं आणि मगच पुढची पायरी. तासाभरात वेग मूळ आकड्याच्याही पुढे गेला, तरी तापमान बहात्तर अंशांच्या वर जाईना. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावत होता, पण तेवढं चालायचंच.

बाबा आले ते हातातली पिशवी खाली टाकून थेट त्याच्या पाठीमागच्या कॉटकडे धावले. आईला टेकवून बसवलं आणि चमच्याचमच्याने पाणी पाजलं. अख्खा पेला संपला तेव्हाच ते बोलले.

"महिनाभर एकेक पायरी उतरवत होतो. पंखा गप्प झाला, तेव्हा कुठे हिची हाक टेबलापर्यंत यायला लागली."

श्रीरंगने कॉम्प्युटर बंद केला. घोंघाट थांबला, आणि मागून कुजबुजीएवढा आवाज आला.

"झालं का रे तुझं काम?"