पेवातला उजेड

मळ्यातल्या पणजोबांच्या वेळच्या घराची डागडुजी निघाली, तेव्हा पडक्या गोठ्यात फरशीखाली धान्याचं जुनं पेव सापडलं, विहिरीसारखं खोल आणि वर्षानुवर्षं बंद. “आदी कंदील सोडायचा. इझला तर उतरायचं न्हाय, आतली कोंडलेली हवा जीव घेती,” सासूनं शिकवलेलं बायडाबाईनं नवऱ्याला ऐकवलं आणि ती कंदील आणायला घरात गेली. काच पुसून, वात पेटवून ती परतली, तर हंबीरराव शिडीवरनं निम्मा खाली उतरलेला. कोल्हापुरातनं आणलेली नवी बॅटरी त्यानं दोरीनं तळाशी सोडली होती. “ऱ्हाऊ दे तुझा कंदील,” तो खालनं हसला. “बॅटरी कवाधरनं जळतीया, इझली का?” मग धपकन आवाज आला. “अवो,” तिनं हाक मारली. तिनं कंदील सोडला. तो निम्म्यातच विझला. तळाशी, त्याच्या चेहऱ्याशेजारी, बॅटरी लख्ख जळत होती.