मोकळी पिन

शर्मिष्ठानं कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. पात्यापुढच्या संरक्षक जाळीकडून येणारी तार जोडलेलीच नव्हती. ती तुटलेली नव्हती. कोणीतरी स्क्रू सैल करून ती काढली होती, नीट गुंडाळली होती आणि बॉक्सच्या कोपऱ्यात बांधून ठेवली होती.

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात, पत्रा कापायच्या याच मशीनवर, गेल्या आठवड्यात दुकालू नावाच्या कामगाराची तीन बोटं गेली होती. बॉक्स शर्मिष्ठाच्या कंपनीचा. चूक दुकालूची की मशीनची, एवढं सांगायला तिला नव्या रायपूरच्या ऑफिसातून पाठवलं होतं.

मागे शेडचे मॅनेजर नीलकंठ उभे होते. मूळचे अकोल्याचे, तोंडात गुटखा.

"साधी गोष्ट आहे, ताई. लाल दिवा म्हणजे जाळी उघडी, पातं उतरत नाही. हिरवा म्हणजे जाळी बंद, उतरते. त्यानं हिरव्यात हात घातला. डोळे कुठं होते त्याचे?"

ते वाकले आणि मशीनच्या पायाशी थुंकले. तिथे वाळू पसरली होती. वाळूखाली काय होतं ते शर्मिष्ठाला विचारावं लागलं नाही.

"जाळी कुठे आहे?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. जाळी भिंतीला टेकवलेली होती. तिच्यावर गमछे वाळत होते.

"जाळी लावली का काम हळू होते. दर वेळी उघडा, बंद करा. माल कधी निघन मंग?"

शर्मिष्ठानं बॉक्सला लॅपटॉप जोडला. जाळीची खबर आतल्या सर्किट बोर्डाला देणारी जी पिन होती, तिचं व्होल्टेज लॅपटॉपवरून आधी वर ओढलं आणि ती वाचली. पिन म्हणाली, जाळी बंद. मग व्होल्टेज खाली ओढून वाचली. पिन म्हणाली, जाळी उघडी. तार जोडलेली असती तर दोन्ही वेळा एकच उत्तर आलं असतं. तिनं सगळं पुन्हा होतं तसं केलं आणि बॉक्सजवळ नुसता तळवा नेला. लाल दिवा हिरवा झाला. तळवा मागे घेतला. दिवा जरा वेळ हिरवाच राहिला, मग आपला आपण लाल झाला. जाळी भिंतीशी होती तिथेच होती.

"पाहिलंत?" ती म्हणाली. "या पिनेला धरून ठेवणारं काहीच नाही. शेजारची मोटर सुरू झाली, कोणी जवळून गेलं, तरी ती वाट्टेल ते सांगते. अडकलेला तुकडा काढायला दुकालूनं लालमध्येच हात घातला असणार. पाय पातं उतरवणाऱ्या पेडलवर राहिला आणि दिवा मध्येच फिरून हिरवा झाला."

"मालूम आहे न." नीलकंठांना नवल वाटलं नाही. "लाल अडकला का डब्यावर थाप मारायची. सुरू होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या शेडले माहीत आहे." ते जवळ आले. गुटख्याचा वास तिच्या तोंडावर आला. "तुमी नागपूरच्या न? आपलं माणूस समजून सांगून राहिलो. आता तेवढी वायर लावून टाका अन् वायर बराबर होती म्हणून लिहून द्या. कोणाचं काय जाते?"

शर्मिष्ठा मागे सरकली. 'आपलं' हा शब्द तिला अंगावर काही सांडल्यासारखा वाटला.

"दिवा आता लाल आहे," ती म्हणाली. आवाज चढला होता. "लालमध्ये पातं उतरत नाही म्हणता न? मग पेडलवर पाय ठेवा आणि घाला हात."

नीलकंठांनी दिव्याकडे पाहिलं. पात्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि शेजारच्या मशीनकडे तोंड करून ओरडले, "रामाधीन! इधर आ. पेडल दबा के हाथ डाल. मैडम को देखना है."

"हव साहब."

रामाधीन आला. त्यानं हातमोजा काढून काखेत धरला, पेडल दाबलं आणि मनगटापर्यंत हात पात्याखाली घातला. एकदाही वर पाहिलं नाही.

शर्मिष्ठा भिंतीकडे धावली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. मशीनचा पंप गुरगुरत थांबला, दिवा विझला. ती वळली तेव्हा रामाधीनचा हात अजून पात्याखालीच होता. काढ असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"पाहा," नीलकंठ म्हणाले, "झालं का काही त्याले?"