सुटलेले टाके

आत्या गेल्यापासून बाबा तिचं नावही काढत नव्हते. तरीही शाळेच्या प्रदर्शनात पोरीने त्यांना आपल्या चित्रासमोर नेऊन उभं केलं. चित्र होतं आत्याने विणलेल्या स्वेटरचं, भिंतभर मोठं, एकेक टाका रंगवलेला. आत्या विणताना अखंड बडबडायची आणि गप्पा रंगल्या की हमखास टाका सुटून भोक पडायचं. पोरीने ती भोकंसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती.

बाबा चित्राच्या अगदी जवळ गेले. मग त्यांनी हळूच बोट पुढे केलं.

"हे भोक शेजारच्या काकूंच्या भांडणाचं. आणि हे माझं. मी गणितात नापास झालो, तर ताई गावभर सांगत सुटली होती."

पोरगी फिसकन हसली. बाबाही हसले, आणि मग काही थांबेचनात. बाहीपासून गळ्यापर्यंत त्यांनी आत्याच्या सगळ्या गप्पा वाचून काढल्या. शेवटी खांद्याजवळच्या एका भोकापाशी ते थबकले.

"बाकीची भोकं कुणीही पाडेल गं. पण हे बघ, हे अस्सल. ऐन रंगात येऊन दोन टाके एकदम सोडलेत. हे आमच्या ताईशिवाय कुणाला जमणार नाही."

पोरगी गालातल्या गालात हसली. आत्याच्या स्वेटरला खांद्याजवळ भोक नव्हतंच. तेवढा भाग रंगवताना ती स्वतःच फोनवर मैत्रिणीशी गप्पा मारत बसली होती.